आगमनकाल ते कापणीचा सण: क्वायरसाठी वर्षभराची गीतं कशी ठरवता?

संगममाहुली

सर्वांना सलाम.

साताऱ्यातल्या आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) क्वायरचं काम माझ्याकडे आहे. बारा-चौदा गळे, एक पेटी, एक कीबोर्ड, तबला आणि झांज एवढा आमचा संसार. येत्या २९ नोव्हेंबरला आगमनकाल, म्हणजे नाताळआधीचे चार रविवार, सुरू होतोय, त्यापासून पुढच्या वर्षभराची गीतं आत्ताच ठरवून ठेवावीत असं मनात आहे. म्हणून हा धागा काढतेय. सांगली, मिरज, कराड, वाई, कुठल्याही मंडळीत गाणाऱ्यांनी लिहावं. कॅथलिक वाचकांनीही जरूर लिहावं.

बहुतेक ठिकाणी चालतं ते असं. शनिवारी संध्याकाळी प्रॅक्टिसला जमायचं, 'उद्या काय म्हणायचं?' असं एकमेकांना विचारायचं आणि सगळ्यांना येतं ते म्हणायचं. मग 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली ठरावीक पंधरा-वीस गीतं वर्षभर फिरत राहतात. पुस्तकात शेकडो गीतं आहेत. जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान, पवित्र आत्मा असे विभागही पाडलेले आहेत. पण त्यातली निम्मीअधिक पानं उघडलीच जात नाहीत.

माझं म्हणणं असं की उपासनेचं वर्ष ही एक सलग कथा आहे आणि कथा जिथे आली असेल तिथलंच गीत त्या रविवारी म्हणावं. वाट पाहण्याच्या दिवसांत जन्माचं गीत नको. वधस्तंभाकडे निघालेल्या दिवसांत विजयाचं नको. आणि ईस्टर आला की मात्र पन्नास दिवस हात आखडता घेऊ नये. आमच्याकडचे बरेचसे जुने पायंडे काँग्रिगेशनल मिशनचे, तिथे लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) वगैरे पाळायची फारशी रीत नव्हती. १९७० साली उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एक झाली तेव्हा वेगवेगळ्या परंपरा एका छताखाली आल्या आणि उपासनेचं पंचांगही आलं. पाळक त्याप्रमाणे वाचनं घेतात, रंगीत पडदे बदलतात. गाणं मात्र त्या पंचांगाशी जुळवून घ्यायचं राहून गेलं.

दुसरी गोष्ट मनाच्या जास्त जवळची. आपण ज्या गावात गातो त्या गावाचं या गीतांशी नातं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला आले आणि इथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९मध्ये ते मुंबईत वारले. म्हणजे आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी या गावाला दिली. त्यांच्या आधी मराठी मंडळीत बरीचशी भाषांतरित गीतं विलायती चालींवर म्हटली जात. टिळकांनी अभंग, ओवी, पद ही आपली घडण उपासनेत आणून बसवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' काव्य पुरं केलं. एवढं घरचं धन असताना साताऱ्यातल्या क्वायरने नाताळला चार इंग्रजी कॅरल म्हणून काम भागवावं, हे मला पटत नाही. विलायती कोरल संगीतावर माझा राग नाही, उलट फार प्रेम आहे. फक्त वर्षाचा कणा मराठी असावा आणि बाहेरचं गीत नेमक्या दिवशी, नेमक्या कारणाने यावं.

तर सांगा: तुम्ही कुठल्या काळात काय म्हणता? काय मुद्दाम टाळता? चार पार्टमध्ये (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) काय बसतं, काय बसत नाही?

---

आल्टो_मावशी

संगममाहुली ताई, सलाम. मी सांगलीची.

तुमचं पटतं, पण आगमनकालाचं काय करायचं ते सांगा. १ डिसेंबर उजाडला की तरुण संघाच्या कॅरल फेऱ्यांची यादी लागते. घरोघरी जायचं असतं, आजारी माणसांकडे, हॉस्टेलवर. तिथे जाऊन 'अजून ख्रिस्त जन्मायचा आहे, म्हणून आम्ही जन्माचं गीत म्हणणार नाही' असं कसं सांगणार? अंथरुणाला खिळलेल्या आजीला वर्षातून एकदाच ते गीत ऐकायला मिळतं.

आमच्याकडे तोडगा असा काढलाय. फेरीत जन्माची गीतं मोकळेपणाने म्हणायची. रविवारच्या उपासनेत मात्र चारही रविवार आगमनाचीच. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. आता २४च्या रात्री पहिलं जन्मगीत सुरू होतं तेव्हा मंडळी ज्या आवाजात उचलतात तो आवाज पूर्वी नव्हता.

आणि आगमनकालाला गीतं कमी आहेत ही तक्रार खरी नाही. लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत तीन गीतं तयार आहेत: मरीयेचं (१:४६–५५), जखऱ्याचं (१:६८–७९) आणि शिमोनाचं (२:२९–३२). पहिली दोन आगमनासाठी, तिसरं नाताळनंतर, बाळाला मंदिरात नेलं त्या वाचनाच्या दिवशी. मरीयेचं गीत आमच्या बायका जात्यावरच्या ओवीच्या चालीत म्हणतात. एक जण ओवी सांगते, बाकीच्या शेवटचा चरण धरतात. 'अधिपतींना सिंहासनांवरून ओढून काढलं, भुकेल्यांना तृप्त केलं' हा त्या गीताचा आशय ओवीच्या लयीत आला की काय ताकदीचा लागतो ते एकदा करून बघा.

---

मिरजेचा_टेनर

मी विलायती बाजूने बोलतो.

संगममाहुली ताई, 'नेमक्या दिवशी, नेमक्या कारणाने' हे शंभर टक्के मान्य. उलट इंग्रजी गीतंच आपण चुकीच्या दिवशी म्हणतो. हॅण्डेलचा हालेलुया कोरस आपल्याकडे नाताळलाच हवा असतो. पण तो ज्यातला आहे ते 'मसाया' पहिल्यांदा झालं ते १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनला, आणि तो कोरस येतो दुसऱ्या भागाच्या अखेरीस, म्हणजे दुःखसहन, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण सगळं होऊन गेल्यावर. शब्द बायबलातल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकातले आहेत, गोठ्याचा त्यात पत्ता नाही. तो ईस्टरला म्हणा, स्वर्गारोहणाच्या रविवारी म्हणा. नाताळला म्हणायचं असेल तर पहिल्या भागात 'आम्हांसाठी बाळ जन्मले आहे' या यशयाच्या वचनावरचा कोरस आहे. अवघड आहे, धावत्या ताना आहेत, पण जागा त्याची आहे.

उलट उदाहरण आयझॅक वॉट्सच्या 'जॉय टू द वर्ल्ड'चं. सगळे ते नाताळचं समजतात. १७१९ साली त्याने ते स्तोत्र ९८वरून लिहिलं. त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, प्रभू राजा म्हणून येतोय आणि सृष्टी त्याचं स्वागत करतेय. म्हणजे आगमनकालातही ते हक्काने म्हणता येतं. आल्टो मावशींच्या तरुण संघाला हे सांगा, त्यांचं आवडतं गीत डिसेंबरच्या पहिल्या रविवारीच मिळेल.

छोट्या क्वायरला झेपतील अशी थोडी नावं:

पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, टॅलिसचं 'इफ यी लव्ह मी'. छापलं गेलं १५६५ साली. शब्द योहान १४:१५–१७, तुम्ही माझ्यावर प्रीती करत असाल तर माझ्या आज्ञा पाळाल, आणि मी पित्याला विनंती करीन, तो तुम्हांला दुसरा कैवारी देईल. सुरुवातीला चारही आवाज एकत्र चालतात, बहुतेक एका अक्षराला एक स्वर. कैवाऱ्याचा उल्लेख आला की आवाज एकामागून एक आत येतात. दुसरा भाग परत म्हणायचा असतो, त्यामुळे शिकायला वाटतं त्यापेक्षा निम्मंच आहे. वाद्य लागत नाही.

लेंटला स्टेनरच्या १८८७च्या 'क्रुसिफिक्शन'मधलं योहान ३:१६वरचं गीत, तेही वाद्याशिवाय. प्रभुभोजनाला मोत्सार्टचं 'आवे वेरुम'. १७९१मधलं, अवघ्या ४६ मापांचं. लॅटिन आहे, पण शब्द इतके थोडे की एका प्रॅक्टिसला उच्चार बसतात. ते हळू म्हणायचं असतं आणि तिथेच आवाज उतरतात. श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने लिहून ठेवल्याशिवाय त्याला हात घालू नका.

आता मिरजेची युक्ती सांगतो. वाद्याविना म्हणायचं गीत आम्ही कीबोर्डवर बसवत नाही, तंबोऱ्यावर बसवतो. आमच्या गावात तंबोरे घडतात, तेव्हा त्याची वाण नाही. चांगला जुळलेला तंबोरा कान देऊन ऐकला की स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो. आल्टोला सांगायचं, तुझा गंधार त्यात विरघळव. कीबोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. तंबोऱ्याच्या गंधारावर मिळालेला चार आवाजांचा मेळ ऐकला की मग कीबोर्डवरचा नकोसा होतो.

---

संगममाहुली

टेनर दादा, तंबोऱ्याची युक्ती पुढच्याच शनिवारी करून बघणार. 'आवे वेरुम' माझ्या मनात होतंच.

मावशी, फेरीत मोकळीक आणि उपासनेत शिस्त, हा मधला मार्ग मला मान्य आहे. ओवीची चाल रेकॉर्ड करून पाठवाल का?

---

पेटीवाला_काका

मुलांनो, बरं वाटलं वाचून. मी बरीच वर्षं मंडळीत पेटी वाजवतोय, साथीला शास्त्रीय संगीताचं थोडं शिक्षण आहे. कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे रागाला वेळ असते आणि उपासनेलाही वेळ ठरलेली असते. या दोन्ही गोष्टी जुळवल्या तर अभंगाला चाल कुठली लावायची हा प्रश्न अर्धा सुटतो. रविवारची उपासना सकाळी नऊ-साडेनऊची. तो बिलावलाचा वेळ. आणि बिलावल म्हणजे सगळे शुद्ध स्वर, विलायतीवाल्यांचं मेजर स्केल. म्हणजे टेनरच्या चार पार्टना हा थाट कुठेही अडवत नाही. अल्हैया बिलावलात एखादा स्तुतीचा अभंग बांधा, ध्रुवपद चार आवाजांत म्हणा आणि अंतरे एकट्याने. मंडळीला पाश्चात्य वाटत नाही आणि क्वायरलाही काम मिळतं.

लेंटच्या रविवारी त्याच वेळेला जौनपुरी घ्या. गंधार, धैवत, निषाद कोमल. आरोहात गंधार वगळायचा. अवरोहातले स्वर विलायती मायनरशी मिळतात, त्यामुळे हार्मनी इथेही फारशी अडत नाही. रंग मात्र एकदम बदलतो. मंडळीला कुणी सांगायला नको की हा काळ वेगळा आहे, पेटीचे पहिले चार स्वर ऐकूनच कळतं. तोडी मोह घालते, पण तोडीला चार पार्टमध्ये बसवायच्या फंदात पडू नका. कोमल रिषभ, कोमल गंधार आणि तीव्र मध्यम एकत्र आले की आल्टो-टेनरना धड जागाच उरत नाही. तोडी म्हणायची तर सगळ्यांनी एका सुरात म्हणा, खाली बासने नुसता षड्ज धरावा. तेही फार सुंदर होतं.

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना बारा ते तीन. ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात मनन, मध्ये सात गीतं. यातली पहिली दोन-तीन सारंगात घ्या, दुपारच्या उन्हाचा राग आहे. नंतर भीमपलासी. तिसऱ्या प्रहराचा, आर्त, पण रडका नाही. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' या चौथ्या उद्गारानंतर भीमपलासीत स्तोत्र २२ म्हणून पाहा, कारण तो उद्गार त्याच स्तोत्राची पहिली ओळ आहे. हे स्तोत्र वाचण्याऐवजी गाऊन झालं पाहिजे. शेवटच्या उद्गारानंतर भैरवी म्हणायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. मी ती करत नाही. भैरवी म्हणजे मैफल संपली. शुक्रवारी काही संपत नाही. तिथे पेटी बंद करून मंडळीला तसंच घरी जाऊ द्यावं.

ईस्टरच्या पहाटे, सूर्योदयाच्या उपासनेला देसकार. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच: सा रे ग प ध. भूप संध्याकाळचा, गंधारावर टेकणारा. देसकार सकाळचा, धैवतावर, वरच्या अंगाने झेपावणारा. म्हणजे शनिवारी संध्याकाळी भूपात जे पद शांतपणे म्हटलं, त्याच पाच स्वरांतून रविवारी पहाटे पुनरुत्थानाचं पद उभं राहतं. पाचच स्वर असल्याने हार्मनीही सोपी. बास सा-प, आल्टोने मुखड्यापुरता खालून ग किंवा ध धरावा, बस्स.

नाताळच्या मध्यरात्रीला बिहाग किंवा मालकंस. बिहागात चार पार्ट करता येतात, मालकंसात पंचमच नाही, तेव्हा तो एकसुरीच ठेवा.

आणि पट्टी! क्वायरवाले आपल्या सोयीने काळी चार धरतात आणि मंडळीतले पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प होतात. मंडळीने म्हणायचं गीत असेल तर तार षड्जाच्या फार वर जाणारी चाल काळी एकच्या वर नेऊ नका. क्वायरचं स्वतःचं गीत असेल तर मग हवी ती पट्टी घ्या.

---

वसईकर_सध्या_सांगलीत

नोकरीमुळे सांगलीत आहे, कॅथलिक आहे. आमच्याकडे काही गोष्टी नियमानेच ठरलेल्या असतात, त्या तुम्हांला उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या जागरणापर्यंत 'आलेलुया' (हालेलुया) म्हटलं जात नाही. शुभवर्तमानाआधी दुसरं स्तुतिवचन घेतात. गौरवगीतही (ग्लोरिया) लेंटच्या रविवारी नसतं. वाद्यं वाजतात ती फक्त गायनाला आधार म्हणून, नुसतं वाद्यवादन नाही. अपवाद चौथ्या रविवारचा. आगमनकालातही गौरवगीत नसतं, पण आलेलुया असतं. कारण तो आनंदाने वाट पाहण्याचा काळ आहे, प्रायश्चित्ताचा नाही. दोन्ही काळांना जांभळा रंग असला तरी संगीत सारखं नसतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

ईस्टरच्या रात्री आलेलुया परत येतं तेव्हा ते तीनदा, दर वेळी पट्टी चढवत म्हणतात. चाळीस दिवस न उच्चारलेला शब्द असा परत आला की अंगावर काटा येतो. तुमच्या मंडळीत नियम नसला तरी क्वायरने आपणहून हा उपवास पाळायला काय हरकत आहे?

१७ ते २३ डिसेंबर रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ख्रिस्ताला वेगवेगळ्या नावांनी हाक मारणारी सात प्राचीन वचनं येतात. हे ज्ञाना, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ल्या, अशी. 'ओ कम, ओ कम इमॅन्युएल' हे गीत त्यातूनच आलंय. हाक मारणं ही तर अभंगाची मूळ वृत्ती. मराठीत सात अभंग होऊ शकतात यावर.

---

आल्टो_मावशी

आलेलुयाचा उपवास! हे मी कमिटीपुढे ठेवणार. पडद्याचा रंग बदलतो तसा तोंडातला शब्दही बदलू दे.

काका, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) काय करता? आमच्याकडे लहान मुलं झावळ्या घेऊन फेरी काढतात आणि 'होसान्ना' गात आत येतात. तिथे ढोलकी-झांज हवीच. पण त्याच उपासनेत पुढे दुःखसहनाचं वाचन असतं. अर्ध्या तासात एवढा उतार कसा सांभाळायचा?

---

पेटीवाला_काका

मावशी, फेरी बाहेर आणि वाचन आत. फेरीत ढोलकी, झांज, टाळ सगळं. मुलं वेदीपाशी झावळ्या ठेवतात तिथे वाद्यं थांबवा आणि स्तोत्र २४ दोन बाजूंनी म्हणा. 'वेशींनो, उन्नत व्हा' असं एका बाजूने आणि 'हा गौरवशाली राजा कोण?' असं दुसऱ्या बाजूने. फक्त गळे, ताल नाही. तेवढ्यात मन ताळ्यावर येतं. मग दुःखसहनाचं वाचन, आणि त्यानंतर वॉट्सचं १७०७चं वधस्तंभाचं गीत घ्या. त्याचं मराठी रूप जवळजवळ सगळ्यांना पाठ असतं, पुस्तकात डोकं घालावं लागत नाही.

---

तासगावचा_तरुण

आमची मंडळी खेड्यातली, लहान. क्वायर म्हणजे सहा माणसं, त्यात दोघे भाऊ आणि त्यांच्या बायका. कीबोर्ड नाही. पार्ट कुणाला येत नाहीत. तुमचं वाचून छान वाटतं, पण आम्ही काय करावं?

---

मिरजेचा_टेनर

मित्रा, सहा माणसांत फार काही होतं. तीन गोष्टी कर म्हणून नाही सांगत, एकच सांगतो: सवाल-जबाबाने स्तोत्रं म्हणा. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी आणि मंडळीने ठरलेलं एक चरण परत परत म्हणायचं. राखेच्या बुधवारी स्तोत्र ५१, उत्तम शुक्रवारी २२, ईस्टरला ११८, पेन्टेकॉस्टला १०४, नाताळला ९८. वर्षातले मोठे दिवस झाले. चाल ओवीची किंवा अभंगाची, जी तुमच्या गावात माहीत असेल ती. शतकानुशतकं देवळातून आणि मठांतून अशीच स्तोत्रं म्हटली गेली, चार पार्ट फार नंतर आले.

पार्ट शिकायचेच असतील तर एखाद्या गीताच्या ध्रुवपदापुरता बास आधी बसवा. दोघे भाऊ षड्ज-पंचम धरून उभे राहिले की वरचं गाणं लगेच भारदस्त होतं. सरगम लिहून ठेवायची सवय लावा. टॉनिक सोल्फा (विलायती डो-रे-मी) आणि आपली सरगम यांत फरक फारसा नाही, 'डो' जिथे आहे तिथे सा. सरगम येणाऱ्या माणसाला सोल्फाची जुनी पुस्तकं वाचता येतात.

---

कराडची_शिक्षिका

मला एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधायचंय. २०२७मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. म्हणजे अख्खा लेंट दहावी-बारावीच्या परीक्षांत आणि शाळांच्या वार्षिक परीक्षांत जाणार. तरुण गळे मिळणार नाहीत. त्या काळात मोठ्यांच्या आवाजात झेपतील अशीच गीतं ठेवा, आणि तसंही लेंटला भरगच्च चार पार्टपेक्षा एकसुरी गायन जास्त शोभतं. अडचण आहे तीच सोय होते.

ईस्टरनंतरचं उलट आहे. पेन्टेकॉस्ट १६ मेला. तेव्हा निम्मी मंडळी सुट्टीला गावी. म्हणून ईस्टरचे पन्नास दिवस म्हणायला पन्नास, गाण्यात एकच दिवस. ईस्टरच्या दिवशी सगळा दारूगोळा संपवतात आणि पुढच्या रविवारी क्वायरची बाकं रिकामी असतात. माझी विनंती आहे की पुनरुत्थानाची गीतं सातही रविवारांत वाटून घ्या. थोमाच्या रविवारी एक, अम्माऊसच्या वाटेचं एक, मेंढपाळाच्या रविवारी स्तोत्र २३. सुट्टीला आलेले पाहुणे असतात त्यांनाही क्वायरमध्ये उभं करा. पुणे-मुंबईहून आलेली पोरं चांगली गाणारी असतात.

---

नवा_सभासद_वाई

एक शंका. यूट्यूबवरून एखादं आधुनिक भक्तिगीत उतरवून उपासनेत म्हटलं तर हक्काचा प्रश्न येतो का? आणि जुन्या गीतांचं काय?

---

कराडची_शिक्षिका

माझा भाऊ वकील आहे, त्याच्याकडून समजून घेतलेलं सांगते. भारतात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टिळक १९१९ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द मोकळे आहेत. टॅलिस, हॅण्डेल, वॉट्स यांचा तर प्रश्नच नाही. पण जुन्या गीताचं अलीकडे कुणी केलेलं चार पार्टचं संयोजन हे त्या संयोजकाचं असतं. प्रत्यक्ष धार्मिक विधीत गाण्याला १९५७च्या कायद्यात कलम ५२मध्ये मोकळीक आहे. ती मोकळीक उपासनेतल्या गायनाला आहे. विकत घेतलेल्या स्वरलेखनाच्या झेरॉक्स काढायला किंवा रेकॉर्डिंग चॅनेलवर टाकायला ती पुरते असं धरून चालू नका. विचारून परवानगी घ्यावी. बरेच गीतकार आनंदाने देतात.

---

संगममाहुली

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या सूचना घेऊन आमचा आराखडा असा होतोय, बघा पटतो का.

आगमनाचे चार रविवार: मरीयेचं गीत ओवीत, जखऱ्याचं अभंगात, तिसऱ्या रविवारी स्तोत्र ९८चं वॉट्सवालं, चौथ्या रविवारी हाकेचे अभंग, जितके तयार होतील तितके. २४च्या रात्री एक पद बिहागात चार पार्टमध्ये, मग नेहमीची जन्मगीतं आणि १८१८ सालचं 'सायलेंट नाइट' मराठीतून, दिवे मंद करून, वाद्याविना. प्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे ६ जानेवारीच्या जवळच्या रविवारी, ज्ञानी लोकांचं एखादं गीत. हा रविवार सगळीकडे कोरडा जातो. संक्रांतीच्या आसपासचा असतो, लोकही उत्साहात असतात, तेव्हा तिथे एक भारुडाच्या अंगाचं गीत बसवायचा विचार आहे.

लेंटला जौनपुरीतले अभंग, एकसुरी. आलेलुयाचा उपवास. उत्तम शुक्रवारी काकांनी सांगितलं तसंच, शेवटी शांतता. ईस्टरला पहाटे देसकार, नऊच्या उपासनेला हालेलुया कोरस. मग सात रविवार वाटून. पेन्टेकॉस्टला टॅलिस, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांसह.

पुढे जून ते नोव्हेंबर हा लांबलचक काळ आहे आणि इथे मला सर्वात कमी सुचतं. पंचांगात तो साधा हिरवा काळ. पाऊस लागतो, पत्र्यावर धो धो पडत असतो, टेनरचा आवाजच ऐकू येत नाही. इथे नवीन गीतं शिकायची असं ठरवलंय. दर महिन्याला 'उपासना संगीता'तलं एक कधीच न म्हटलेलं गीत, चाल मिळाली नाही तर काकांकडून देस किंवा गौड मल्हारात नवी. मोठं काही नको, रियाजाचे दिवस ते.

आणि कापणीचा सण. आमच्याकडे शाळू निघाला की, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतो. त्यामुळे तो बहुतेकदा लेंटमध्ये पडतो. हा पेच कसा सोडवता?

---

तासगावचा_तरुण

हे मी सांगू शकतो, कारण आमची मंडळी शेतकऱ्यांचीच आहे.

लोक कणसं, ऊस, हळद, द्राक्षाचा पहिला घड, कोंबडी, अंडी असं वेदीपुढे आणून ठेवतात. उपासनेनंतर लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्या दिवशी उदास गाणं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. रविवार हा लेंटमध्येही उपवासाचा दिवस धरत नाहीत, असं आमच्या पाळकांनी सांगितलंय. म्हणून त्या रविवारी आम्ही उपकारस्तुती करतो. स्तोत्र ६५ घेतो: तू पृथ्वीचा समाचार घेतोस, तिला पाणी देतोस. चाल भलरीची. शाळू काढताना बायाबापड्या म्हणतात तीच, एक ओळीत सगळे कोयते चालतात ती लय. एक जण पुढे म्हणतो आणि रांग झेलते. आलेलुया मात्र ठेवायचं नाही असं आता ठरवू, भलरीला त्याची गरजही नाही.

मरीयेचं गीत ओवीत बसवायला घेतलंय. वहिनी आणि आई पुढे म्हणणार. काका, आईचा गळा जरा जाड आहे, कुठल्या पट्टीत धरू?

---

पेटीवाला_काका

आई पुढे म्हणणार असेल तर तिला आधी पेटीविना म्हणू दे. ती जिथे सहज सुरू करते तो सूर पेटीवर शोध, तीच पट्टी. जाड गळ्याच्या बायका बहुतेक पांढरी चार-पाचच्या आसपास निघतात. ओवीचा पल्ला लहान असतो, पाच-सहा स्वरांचा, त्यामुळे पुरुषांना चरण झेलायला खालच्या सप्तकात अडचण येत नाही. पेटी नुसता सा-प धरून ठेव, प्रत्येक स्वर वाजवत मागे जाऊ नकोस, ओवी अडखळते. आणि कडवी दहाच्या आत ठेव, त्या गीताला तेवढी पुरतात.